मसुराच्या शेतात

इंजिन खोकलं, मग गप्प झालं.
लॉर्नला पहिल्यांदाच ऐकू आला
पंखांवरून सरकणारा वारा.

खाली सस्कॅचेवान, पाटासारखं सपाट.
कुठंही उतर, म्हणायचे सगळे.
कुंपणाच्या तारेचं
कुणीच बोललं नव्हतं.

चाक अडकलं. विमान
सावकाश, जवळजवळ अदबीनं,
पालथं झालं.

पट्ट्याला उलटा लोंबकळत तो
खिशातून सांडलेली नाणी मोजत राहिला
छतावरची.
दोन डॉलर, पंच्याहत्तर सेंट.
एक नाणं सापडेना.

व्हर्ना ह्रित्साक ट्रॅक्टर तसाच सुरू टाकून आली.
वाकून म्हणाली,
"जिवंत आहेस ना? मग सांग,
माझा मसूर कोण भरून देणार?"

पेट्रोल ठिबकत होतं.
पट्टा कापायला तिनं चाकू काढला,
तो उघडेचना.
बोटं थरथरत होती,
तिची.