पारसिकला ब्लॉक

ऐरोली, सेक्टर तीन, सिडकोची जुनी खोली.
गॅलरी बंद करून घेतली तेव्हा विश्राम म्हणाले होते,
बरं झालं, कपडे वाळायला जागा झाली.
आता तिथे कपडे वाळत नाहीत.
तिथे कळवा आहे, खाडी आहे, पारसिकचा डोंगर आहे,
सहा बाय अडीचच्या प्लायवर,
एक कोपरा वॉशिंग मशीनच्या डोक्यावर टेकवलेला.
धुणं सुरू असलं की कळव्याला भूकंप होतो.

प्रमाण एकास सत्त्याऐंशी.
माणूस बोटाच्या पेराएवढा.
रुळांमध्ये अंतर साडेसोळा मिलिमीटर,
आपल्या ब्रॉडगेजला खरं तर एकोणीसच्या वर लागतं.
हे पावणेतीन मिलिमीटरचं खोटं
मी पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं
आणि मग बाकी सगळं खरं करायच्या मागे लागले.

ठाणे एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं.
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी,
झोपेतून उठवलंत तरी जोड्या सांगेन.
त्याच तारा आता प्लायच्या पोटाखालून जातात:
निळ्यावर सिग्नल, नारिंगीवर सांधे,
राखाडीवर फलाटाचा एकुलता एक दिवा.
तो लागला की अजून वाटतं,
पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

मिठागरांत खरं मीठ घातलं. अक्कल!
आठ दिवसांत पाझरून खाडीला मिळालं.
खालच्या पाटोळ्यांची इरावती, सातवीतली, म्हणाली,
मावशी, तुरटी कुटून घाला.
घातली. टिकली.

डोंगर म्हणजे कोंबडीची जाळी, खळीत भिजवलेले पेपर,
वर चहाचा वाळवलेला चोथा.
सगळा मिळून छान हिरवा, गोल, कॅलेंडरसारखा दिसायला लागला,
तेव्हा कणकेची सुरी घेतली
आणि त्याची एक कूस खाणीसाठी कापली.
इरावती दोन दिवस बोलली नाही.

मग गाडी बोगद्यात घसरायला लागली.
आत जाताना शहाण्यासारखी जायची,
मधेच खट्, आणि पुढचं तोंड काळंच.
रूळ घासले, चाकं पुसली,
सांधा उखडून पुन्हा डाग दिला.
खट्.
शंकेची पाल चुकचुकते म्हणतात ना,
माझी खरीच चुकचुकली,
डोंगराच्या आतून.

मागची फळी काढून टॉर्च मारला.
रुळाला चिकटून दोन अंडी,
शेंगदाण्याएवढी, पांढरी, बिनघोर.
माझ्या हिशेबात तीन-तीन फुटांचे धोंडे.
पारसिकला दरड कोसळली होती
आणि दरडीच्या पोटात काहीतरी हलत होतं.

विश्रामना पालीची शिसारी.
सुपली घेऊन उभे राहिले दारात,
म्हणाले, हेमलता, तू तरी टाक नाहीतर मी टाकतो.
मी कार्डबोर्डाचा तुकडा कापला,
त्यावर लिहिलं: ब्लॉक. पुढील सूचनेपर्यंत.
बोगद्याच्या तोंडाशी लावला.
त्यांनी वाचला. सुपली ठेवून दिली.
रेल्वेची सूचना म्हटल्यावर
चाळीस वर्षं पास काढलेला माणूस काय बोलणार!

गाडी कळव्याला, सिग्नल लाल.
दिवस जात राहिले.
मी फलाटाला बाक केले, पानवाल्याला टपरी केली,
तुटलेल्या बांगडीचा पाण्याचा नळ.
धुणं बाथरूममध्ये हातानं धुतलं, भूकंप नको म्हणून.
गाडी चालत होती तेव्हा
स्टेशनकडे इतकं बघितलंच नव्हतं.

चाळीस की पन्नास दिवस, मोजले नाहीत मी.
मोजले ते ह्यांनी, कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी.

आज सकाळी फलाटावर एक पोर उभं होतं,
पारदर्शक, दोन प्रवाशांएवढं लांब,
पोटातलं काळं जेवण दिसणारं.
शेपूट रुळांवर, तोंड पानटपरीकडे.
माझा हात बटणावरून मागे आला.
बारा व्होल्टच, पण तरी.

आतून चहाचा कप वाजला.
विश्राम दारापर्यंत आले, आत नाही आले,
म्हणाले, काय, सुटली का गाडी?

म्हटलं, एक उतरलाय.
दुसऱ्याची वाट बघतेय.