डाव्या बाजूची चव

ऑपरेशन कानाचं झालं,
गेली ती चव.
तीही अर्ध्या जिभेची. डावीकडची.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
केसपेपरच्या पाठीवर कान काढला,
पडद्यामागून एक बारीक रेघ ओढली.
ही नस, मावशी, जाते कानातून
पण राबते जिभेसाठी.
जागा अरुंद होती, जरा ताणली गेली.
वर्ष लागेल. येईल. किंवा
आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

संकेश्वरात माझा मिरचीचा डंक, सव्वीस उन्हाळे झाले.
शिवरात्र उलटली की दारात पोत्यावर पोतं,
हुक्केरीचं, निपाणीचं,
पलीकडून गडहिंग्लजचंसुद्धा.
चिमूट जिभेवर ठेवून मी सांगायचे,
खोबरं घाईनं भाजलंय,
धणे मागल्या सालचे,
आणि ह्या घरात मीठ मोजणारी बाई
सध्या कुणावर तरी रुसलीय.
लोक हसायचे.
घरी जाऊन विचारायचे मात्र.

आता उजवीकडं ठेवली तर चटणी,
डावीकडं ठेवली तर किल्ली,
दोन्ही हातांत घागरी असताना
दातात धरतो ना आपण, तशी.
दूध किल्ली. भाकरी किल्ली.
गोकाकचा करदंट आणला होता भाच्यानं,
त्यातला डिंकही किल्ली.

तिखट तेवढं दोन्हीकडं लागतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिखट ही चव नव्हेच,
तो चटका. त्याची नस वेगळी.
म्हणजे सव्वीस वर्षं
मी चटका विकत होते म्हणायचं.

गंगव्वा कुंपणावरून म्हणाली,
तुझ्या जिभेवरबी हद्दीचे दगड रोवले की गं!
दगड असता तर बरं, मी म्हटलं,
दगडाला निदान दगडाची चव असते.

चाखायचं काम सध्या मैरूनकडं.
सतरा वर्षांची पोर, डोळे मिटून चाखते,
आणि म्हणते, मावशी, मीठ बरोबर असंल.
असंल!
असंलवर कुणी पाच किलो चटणी उचलतं?

तपासणीला एक शिकाऊ डॉक्टर होता, म्हैसूरकडचा.
मिसरूड नुकतं फुटलेलं, बोलणं लांबलचक, मऊ.
जीभ बाहेर, आत घ्यायची नाही,
कापसाच्या काडीनं एकेक थेंब.
उजवीकडं आधी.
उप्पु? मी मान हलवली.
हुळी? हलवली. सिही? हलवली.
मग काडी डावीकडं आली.
उप्पु? हुळी? सिही?
लाळ हनुवटीवरून गळत होती, मी नुसती बघत होते
त्याच्या शर्टाच्या तुटक्या गुंडीकडं.
शेवटचा थेंब.
कही? त्यानं विचारलं.
कही म्हणजे कडू. मला ठाऊक आहे, जन्म इथलाच.
पण कानात अजून बोळा होता,
मला ऐकू आलं, काही?
मी हात हलवला. काही नाही.
त्यानं तसंच लिहून घेतलं.

दहा महिने झाले त्याला.
आज कारलं चिरताना
सवयीनं एक फोड तोंडात गेली
आणि डाव्या गालात राहिली.
किल्ली होतीच. पण किल्लीच्या मागं,
पलीकडच्या गल्लीत कुणी खोकावं
तसं, लांबून, एकदाच
आलं.
मी विळी आडवी केली.
चूल मंद केली. डंक तर बंदच होता.
परत आलं.

त्या पोराला कळवायला हवं खरं तर.
लेकरा, तू विचारलेलंस ना,
त्याचं उत्तर वाटेत अडकलं होतं.

देवगोंडा दारात उभे. तोंड का वाकडं केलंस, काय झालं?
काही नाही, मी म्हटलं,
आणि दुसरी फोड उचलली.