टोकन

धंतोलीच्या मोहरील लॅबचा पासवर्ड
अजून माझ्याकडेच आहे.
सात महिने झाले बिलाला.
"होऊन जाईल नं बाप्पा," आणि फोन कट.

काल रात्री कूलरच्या घरघरीत
एक ओळ लिहिली:
एंटर दाबलं की सगळे रिपोर्ट कुलपात.
बोट थांबलं.
उमरेडहून उपाशीपोटी पहाटेची बस धरणारी बाई
माझं काय देणं लागते?

खोडली. पुण्यबिण्य काही वाटलं नाही,
भूक लागली तेवढी.

सकाळी बिलाची प्रिंट घेऊन गेलो.
मशीननं टोकन दिलं, सत्तेचाळीस.
मीच बनवलेलं; रांग छान चालते.
पंचेचाळीस. सेहेचाळीस.
अठ्ठेचाळीस.

नंबर वगळायचं बटण
त्यांनी मागितलं म्हणून
मीच फुकटात टाकून दिलं होतं.

उठलो, दुसरं टोकन घेतलं.