बद्द

दहा मिनिटं दिलीयत. दहा मिनिटांत
तीन महिन्यांची भोकं दाखवायची.
कास्टिंगमधली. माझी नव्हेत.
उद्यमबागेत बावीस वर्षं साच्यात वाळू दाबतोय,
इतका वेळ सलग कुणी माझ्याकडं बघितलेलं नाही.

तेजलनं स्लायडी केल्या, पंचवीस.
अक्षरं कोपऱ्यातून उडत येतात, गिरकी घेतात,
मंडपातल्या लायटिंगसारखी.
म्हटलं, पोरी, पुण्याचे साहेब येणार,
त्यांना अक्षरं पकडायला लावू नको.
ती रुसली. मग अकरा राहिल्या. मग सात.
एकेक काढली तसा
मीच थोडा उघडा पडत गेलो.

वडगावात शेजारचा माग रात्री अकरापर्यंत चालतो.
त्याच्या खटखटीवर आवाज चढवून
गच्चीत, पाण्याच्या टाकीसमोर:
"गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड सर..."
शेवंता सांडगे गोळा करत होती.
"कुणासंगं बोलूलालासा? टाकीला इंग्लिश कळतंय व्हय?"

मग बादली पालथी घालून बसली ऐकायला.
मी तिला सांगितलं होतं कधीतरी,
माल टांगून हातोडीनं टिचकी मारतात,
चांगला असेल तर खणकन वाजतो, वाजतच राहतो,
आत चीर असेल तर बद्द.
ते तिनं नेमकं लक्षात ठेवलेलं.

"गुणवत्ता हेच आमचे ब्रीद."
बद्द, म्हणाली.
"सर्वांच्या सहकार्याने..."
बद्द.
"सोमवारच्या मालात भोकं जास्त निघतात."
तिचा हात सांडग्यांवरच थांबला.
"हे वाजलं. परत म्हणा.
आणि सोमवारीच का?"

सांगितलं. रविवारी भट्टी बंद,
ढिगाची टाकीकडची बाजू ओल धरते,
आम्ही मात्र शनिवारच्याच मापानं पाणी घालतो.
"कुणी शोधलं?"
"आम्ही."
ती काही बोलली नाही. ताट उचललं, खाली गेली.
जिन्यात पायरीवर ताट टेकल्याचा आवाज आला,
तोही मला बद्दच वाटला.

हॉलात एसी. माझा खडेबाजारातला नवा निळा शर्ट,
घडीच्या रेघा अजून छातीवर.
पाठ केलेलं इंग्रजी दुसऱ्या स्लायडीवर संपलं,
भट्टीत पिशवी पडावी तसं,
नुसता धूर.
पाणी प्यालो. आपल्या मराठीत सुरू केलं.
तिसऱ्या स्लायडीत सोमवारचा खांब,
बाकीच्या सपाट रानात येळ्ळूरचा गड दिसावा तसा.
तिथं काही बोललोच नाही.
बघू दे म्हटलं.

पुण्याच्या बाईंनी विचारलं,
ओल कळली कशी? कुठलं मीटर?
स्लायडीवर लिहिलं होतं: निरीक्षण.
मला पायरीवरचं ताट ऐकू आलं.

नमुन्यांची पेटी ठेवून अडिवेप्पा
दाराशी उभा, परत जायच्या बेतात.
म्हटलं, मॅडम, मीटर नाही. हा आहे.
पहाटे मूठभर वाळू घेतो, आवळतो, सोडतो,
तळव्यावर काय चिकटून राहतं ते बघतो.
मी नाही शोधलं. ह्यानं.

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मग हात पुढं केला,
मोकळाच. रेषांत काळी वाळू.
"सोमवार उसुक हसी इत्तरी."
सोमवारी वाळू ओली होती, मी म्हटलं.
आणखीही तो बोलला, मी मागोमाग मराठीत आणलं:
पोटात पाणी गेलं की लोखंड ढेकर देतं,
ढेकराची जागा पोकळ राहते.
बाई हसल्या, आणि इंग्रजीत लिहून घेतलं.
तीन भाषांतून गेलं
तरी वाक्य कुठं तडकलं नाही.

चार स्लायडी तशाच राहिल्या.
तेजलला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

चहाला अडिवेप्पा कडेला आला.
मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल.
कप हातात धरून माझ्या शर्टाकडं बघत
म्हणाला, अण्णा, आधी सांगायचं होतंस.
मी पण चांगला घालून आलो असतो.