बाहेरची लाइन

खडेबाजारातल्या आमच्या पतसंस्थेत, तिसऱ्या मजल्यावर,
व्हिडिओ कॉन्फरन्सचा नवा पडदा आला.
पडद्यामागं सर्व्हर, सर्व्हरच्या पोटात एक तक्ता:
कुठल्या गावाला लावताना पुढं काय जोडायचं,
काय गाळायचं.
तो भरायला मला बसवलं,
कारण अष्टेकर साहेबांच्या मते
ज्याला प्रिंटर जमतो त्याला सगळं जमतं.

पहिला नियम सोपा.
सातपर्यंत आकडे असतील तर गावातलाच,
पुढं शून्य आठ तीन एक लाव नि जाऊ दे.
बाहेरची लाइन हवी तर आधी नऊ.
खानापूर शून्य आठ तीन तीन सहा.
निपाणी नि चिकोडी, दोघींना मिळून एकच:
शून्य आठ तीन तीन आठ.
गोकाक. अथणी.
सगळे आठाचे. बोटं आपोआप चालली.

मग शिनोळी आली.
शून्य दोन.
तक्त्यानं विचारलं, राज्यातलं की बाहेरचं?
खालची यादी उघडली तर तिच्यात दोनच ओळी.
इरण्णा वायर गुंडाळत मागं उभा होता.
म्हणाला, "शिनोळी कुठलं ओ बाहेर?
माझी बायको तिथं फाउंड्रीत जातीय की रोज.
डबा उघडती तेव्हा भाकरी गरम असतीय.
अथणीला जाऊन बघा एकदा,
बसमध्ये झोपून उठलं तरी हारूगेरीच येतंय."
मी "बाहेरचं" निवडलं.
दर मिनिटाचा भाव शेजारी आपोआप भरला गेला.

चाचणीला नंबर घेतला पिराजी पवल्यांचा.
मुक्काम कालकुंद्री, सभासद क्रमांक एकोणीस,
घरात अजून काळा फोन,
कारण मोबाइल हातात धरून त्यांना गच्चीवर जावं लागतं
आणि गुडघे नाही म्हणतात.
लावला.
एक बाई कानडीत म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही.
मग इंग्रजीत म्हणाली.
मग हिंदीत.
तीन भाषांत पिराजी नव्हते.
ज्या भाषेत ते आहेत
ती त्या बाईला कुणी शिकवली नव्हती.

पुन्हा लावला. पुन्हा नव्हते.
चहा आला, गार झाला, साय धरली.
साडेसहाला लक्षात आलं:
यंत्र वरून खाली वाचतं.
जो नियम आधी जुळला तो खरा,
त्याच्या खालचे कितीही बरोबर असोत,
त्यांच्यापर्यंत कुणी येतच नाही.
पिराजींचे सहा आकडे माझ्या पहिल्याच ओळीनं गिळले होते,
पुढं बेळगाव चिकटवून
त्यांना नसलेल्या घरात पाठवलं होतं.

दोन दोन चारनं सुरू होणारे वेगळे काढले.
ओळ धरली, ओढली,
अकराव्या जागेवरून सगळ्यात वर नेली.

घंटी वाजली. बराच वेळ वाजली.
"कोण?"
"संस्थेतनं बोलूलोय, काका. आवाज येऊलाय काय?"
"येऊलाय की. वरडू नको. कुठनं लावलास?"
"बेळगावातनं."
"मग एवढा वेळ का?
पयल्यांदा एक्सचेंजात कुसनूरकर बाई असायची.
तिला नंबर सांगायचाच नाही.
अष्टेकरांचा थोरला दे म्हटलं की द्यायची,
वर सांगायची, तो आत्ता जेवूलाय, मागनं कर."

पडद्यावर त्यांचा चौकोन काळा,
काळ्यावर नुसतं फोनचं चित्र,
आणि आतून कुठलीतरी म्हैस.
इरण्णा हसला. मीही.

एक रकाना राहिला होता: नियमाचं वर्णन.
इतरांत मी नुसती तालुक्यांची नावं टाकली होती, इंग्रजीत.
इथं मराठीत लिहिलं, जवळचं गाव.
सेव्ह केलं.
त्या खात्याला आपली अक्षरं ठाऊक नव्हती.
पाच प्रश्नचिन्हं उमटली,
मग एक मोकळी जागा,
मग तीन.

तसंच ठेवलंय.
मंगळवारी बैठक आहे, अकराला.
पिराजी दहापासूनच फोनपाशी बसतील.