भंगाराचा ठिपका

उद्यमनगर ते शिरोली, एकशे बारा ठिपके
मी पडद्यावर मांडले.
कुठे फौंड्री, कुठे दोन लेथचं शेड,
कुठे नुसता पॅटर्न करणारा सुतार.
प्रश्न एकच घेऊन फिरले :
नवीन काही अडलं, तर विचारता कुणाला?

"कुणालाच न्हाई."
इथला माणूस विचारत नाही, सांगतो.
पण दुसऱ्या चहाला नाव निघायचं,
साडू, जुना मिस्त्री, आयटीआयच्या बाकावरचा दोस्त,
आणि मी एक रेघ ओढायची.

पाडव्यापर्यंत जाळं उभं राहिलं.
शिरोलीकडे गुंता, उद्यमनगरात गुंता,
मध्ये कोरं.
चौगुले आणि लोहार एका लग्नातल्या मानापमानापासून
एकमेकांची नावंसुद्धा घेत नाहीत.
आणि तरीही कोअरच्या वाळूत मळी किती, पाणी किती,
ह्याचं चौगुल्यांचं नवं माप
अकरा दिवसांत लोहारांकडे.
रेघ नाही. माप मात्र पोचलेलं.

मी चोर शोधत बसले.

दाऊदभाई शिकलगार तेव्हा माझ्यासमोरच
नापास पंपांचे सांगाडे टेम्पोत फेकत होते.
माझ्या तक्त्यात भंगाराला रकानाच नव्हता.

एका सांगाड्याच्या भोकावर त्यांनी अंगठा फिरवला.
"वायू अडकलाय. चौगुल्यांकडं बी दिवाळीपतुर हेच हुतं.
आता तितं माल गावंना मला."
"हे तुम्ही लोहारांना सांगितलंत?"
"सांगतोय कशाला? टेम्पो हितं हुबा हुता.
पोकळीत त्यांची वाळू चिकटल्याली.
ह्यांनी खरवडली, वास घेटला. जळक्या मळीचा.
नाक काय माझं हाय व्हय?"

"पण सगळ्यांचा माल सुधारला, तर तुमचं?"
त्यांनी टेम्पोचं फाळकं लावलं.
"नवीन काय तरी करत्यात की. मग चुकत्यात."

रात्री एकशे तेरावा ठिपका टाकला.
जाळं सरकलं, थरथरलं,
आणि दोन गुंत्यांमधल्या सगळ्या जवळच्या वाटा
त्या एका टेम्पोतून जाऊ लागल्या.
पुसून बघितला : शहर दोन तुकडे.
परत ठेवला.

हुद्द्याचा रकाना रिकामा होता, म्हणून फोन लावला.
"लिवा की, गिऱ्हाईक," म्हणाले,
"आन् तुमच्याकडं बी काय बिघडल्यालं असंल
तर काढून ठिवा. बुधवारी तिकडंच येतोय."