हात तेवढे तिचे

जेनोआत, टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत,
सायप्रसच्या तिसऱ्या रांगेमागे
साखरेचा व्यापारी ओराझियो द्राग्वेट्टी निजलाय
ब्राँझच्या पलंगावर, ब्राँझच्या उशीवर.
उशीला डोक्याचा खळगासुद्धा पडलेला आहे.
पायथ्याशी त्याची विधवा, गुडघे टेकून,
आणि वर पंख पसरलेला देवदूत,
ज्याच्या काखेत दरवर्षी कबुतरं संसार मांडतात.

दर मार्चमध्ये मी शिडी लावते.
कोमट पाणी, मऊ ब्रश, साबण थोडकाच.
समुद्राची हवा खारट. ब्राँझ कळकतं,
पितळेत रात्रभर राहिलेल्या आंबटासारखं.
देवदूताच्या नाकावरून हिरवे ओघळ उतरतात,
सर्दी झाल्यासारखे.
मी ते पुसते. नगरपालिका तासावर पैसे देते.

माझ्या पणजीलाही तासावरच मिळायचे.
इल्दे तिचं नाव. नदीवर लोकांच्या चादरी धुवायची.
शिल्पकाराला गुडघे टेकून बसणारी बाई हवी होती,
विधवेला संधिवात,
आणि दोघींची उंची सारखी.
तर इल्देनं तिचा काळा पोशाख चढवला
आणि बावीस दिवस बसली, रडल्यासारखी,
कधी न पाहिलेल्या माणसासाठी.
त्याच्या चादरी मात्र धुतल्या असतील, कुणी सांगावं.

लेस हुबेहूब हवी, असा विधवेचा हट्ट.
रोज येऊन बोटानं भोकं मोजायची.
एकदा सहा कमी भरली
तर शिल्पकाराला ताटावरून उठवलं.
चेहरा तिचा स्वतःचा, फोटोवरून घेतलेला,
थोडा तरुण करून.
फोटोत हातमोजे होते.

म्हणून हात इल्देचे.
पेरं सुजलेली, राखेच्या पाण्यानं कातडी सोललेली,
डावी करंगळी वाकडी.
दहाव्या वर्षी ओल्या चादरीच्या पिळात सापडली होती.
असलं काही वारशानं येत नाही.
माझी सरळ आहे.

विधवेच्या लक्षात आलं का?
आमच्याकडे दोन्ही सांगतात.
आत्या म्हणते, कुठलं, तिचा सगळा जीव लेसमध्ये.
आई म्हणायची, कळलं होतं.
हातमोजा काढून तिनं आपला हात
त्या ओल्या मातीच्या हाताशेजारी ठेवला,
बराच वेळ,
आणि म्हणाली, असू दे.

मग मातीवरून साचा, साच्यात मेण,
मेण वितळून वाहून गेलं
आणि त्याच्या रिकाम्या जागेत लाल रस शिरला.
इल्देला पुढे मिळाली दहा वर्षं, सामायिक जमिनीत.
नंतर हाडं काढून जागा दुसऱ्याला दिली.
पावती आहे घरी.

धुणं संपलं की मेण.
कोमट करून, फडक्यावर बोटभर.
पंखांना लावते, उशीला,
लेसच्या एकेका भोकात
जुन्या टूथब्रशनं, शिव्या देत.
हात शेवटी ठेवते.

गेल्या वर्षी शाळेची मुलं आली होती.
माहिती सांगणारी बाई म्हणाली, बघा,
दुःखानं बोटं कशी आखडली आहेत.
मुलं बघत होती.
मी शिडीवर, तोंडात फडकं धरलेलं.
ते काढून बोलता आलं असतं.
करंगळीच्या वाकणात मेण जरा जास्त झालं होतं,
ते अंगठ्यानं काढत राहिले.